वायर काढा, पण आवाजाची नको

गणपती जवळ आले की या सदराकडं कीबोर्डवाल्यांचे प्रश्न जरा जास्तच यायला लागतात, आणि यंदा बहुतेकांना एकच पाहिजे, वायर नको. स्टेजवर वायर नको, टेबलावर नको, आयपॅडला लोंबणारी तर नकोच नको. ठीक आहे, काढू. पण कुठली काढायची आणि कुठली अजिबात काढायची नाही यातच सगळी गोम आहे, म्हणून यावेळी सगळे प्रश्न ह्याच विषयावरचे घेतलेत. मिक्सरवाले आणि हार्मोनिअमच्या भात्यावाले, तुमचं पुढच्या वेळी.

प्रश्न : ताई, माझ्याकडे यामाहाचा पीएसआर कीबोर्ड आहे, मागे चौकोनी यूएसबी आहे. आयपॅडवर गॅरेजबँड हे ॲपलचं वाद्यांचं ॲप आहे, त्यातले पियानो आणि स्ट्रिंग्ज मस्त आहेत, ते कीबोर्डवरून वाजवायचेत. यामाहाचाच यूडी-बीटी०१ ब्लूटूथ अडॅप्टर मागवला, मागे लावला, आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ चालू करून बसलो तर आधी काही दिसलंच नाही, मग दिसलं, दाबलं, पण गॅरेजबँडमध्ये एक सूर वाजेल तर शपथ. तीन दिवस झाले. मुलगा म्हणतो परत करून टाका. काय करू?
(हौशी वादक, सातारा)

उत्तर : परत करू नका, अडॅप्टर बहुतेक ठणठणीत आहे. तुम्ही तेच केलंत जे आपण सगळेच करतो, मीही केलं होतं. ब्लूटूथ म्हटलं की हात आपोआप सेटिंग्जमध्ये जातो, कारण हेडफोन तिथून जोडतात, गाडीचा स्पीकर तिथून जोडतात. पण आयफोन आणि आयपॅडवर ब्लूटूथ मिडी (कुठली पट्टी दाबली याचे निरोप वायरीशिवाय पाठवायची सोय) तिथून जोडायचंच नसतं, ते जोडायचं ॲपच्या आतून. सेटिंग्जमध्ये फक्त ब्लूटूथ चालू ठेवा आणि तिथून बाहेर पडा. तिथं आता तुमच्या अडॅप्टरचं नाव दिसत असेल तर त्याच्यावर जाऊन 'फरगेट' करा, म्हणजे जुना अर्धवट संसार मोडला. मग गॅरेजबँड उघडा, कीबोर्ड हे वाद्य घ्या, वर सेटिंग्जचं चिन्ह आहे त्यात ॲडव्हान्स्ड, त्यात ब्लूटूथ मिडी डिव्हायसेस. तिथं अडॅप्टरचं नाव येईल, त्याला टच करा, कनेक्टेड आलं की पट्टी दाबून बघा. वाजलं पाहिजे.

नसेल नाव येत तर दोन गोष्टी बघा. पहिली, वीज. यूडी-बीटी०१ला कीबोर्डकडून वीज मिळत नाही, त्याला स्वतःचा यूएसबी चार्जर लागतो आणि तो डब्यात येत नाही, वेगळा लावावा लागतो. निम्मे लोक इथंच अडकतात, कारण मागं वायर खोचली म्हणजे झालं असं वाटतं. दुसरी, तो अडॅप्टर आधीच दुसऱ्या कुणाशी बोलत नाहीये ना. मुलानं त्याच्या फोनवर 'बघू तरी' म्हणून जोडला असेल आणि तसाच सोडला असेल तर तो तुमच्या आयपॅडला दिसणारच नाही. आणि हो, कीबोर्डला मागं 'टू होस्ट' आणि 'टू डिव्हाइस' अशा दोन जागा असतील तर हा 'टू होस्ट'ला लागतो, म्हणजे प्रिंटरच्या वायरीसारखी चौकोनी भोकाची जागा. पेनड्राइव्ह लागतो ती चपटी जागा वेगळी.

एकदा गॅरेजबँडमधून जोडलं की तेच कनेक्शन दुसऱ्या ॲपलाही चालतं, ते आयपॅडच्या सिस्टिममध्ये राहतं. त्यामुळे एखाद्या ॲपमध्ये ब्लूटूथ मिडीचा मेनूच सापडत नसेल तर आधी गॅरेजबँड उघडून जोडा, मग ते ॲप उघडा. मॅक असेल तर तिथं 'ऑडिओ मिडी सेटअप' नावाचं ॲप युटिलिटीजमध्ये असतं, त्याच्या मिडी स्टुडिओच्या खिडकीत ब्लूटूथचं चिन्ह आहे, जोडणी तिथून.

आता हे असं का, तेही सांगते, कारण पुढचे सगळे प्रश्न यावरच बसलेत. मिडीत आवाज नसतो. तुम्ही मधली पांढरी एक दाबलीत तर कीबोर्डमधून फक्त निरोप जातो, अमुक चॅनेलवर सूर चालू, पट्टी नंबर ६०, आणि किती जोरात दाबली त्याचा १ ते १२७ मधला आकडा. बोट उचललं की दुसरा निरोप, ६० नंबर बंद. झालं. पोस्टमन चिठ्ठी देऊन गेला, गाणं आयपॅडला म्हणायचंय. हेडफोनला जो ब्लूटूथ जातो त्यात खरा आवाज दाबून, बारीक करून पाठवलेला असतो, आणि ही चिठ्ठी जाते ती ब्लूटूथच्या कमी विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारातून. ॲपलनं २०१४मध्ये आयपॅड-आयफोनच्या आयओएस ८ आणि मॅकच्या योसेमिटीत हे आणलं, पुढच्या वर्षी मिडीवाल्यांच्या संघटनेनं त्याला स्टँडर्ड म्हणून मान्यता दिली. म्हणून सेटिंग्जमधला तो हेडफोनवाला रस्ता ह्याच्या कामाचा नाही.

प्रश्न : मॅडम, मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. घरी रियाझाला आयपॅड आणि ब्लूटूथ मिडी असं सेट केलंय आणि आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घेतो. सगळं वायरलेस, बघायला एकदम भारी. पण वाजवताना हात पुढं आणि आवाज मागं. कोळीगीताचा ठेका असेल तर पार वाट लागते. ब्लूटूथ मिडी म्हणजे फसवणूक आहे का? आणि हे स्टेजवर वापरावं का?
(कोल्हापूर)

उत्तर : फसवणूक नाही हो, पण तुम्ही दोषी भलत्यालाच धरलंय. उशीर मिडी करत नाहीये, स्पीकर करतोय.

आकड्यातच बघा. ब्लूटूथ मिडीची चिठ्ठी कीबोर्डवरून आयपॅडला पोचायला साधारण १० ते १५ मिलिसेकंद धरा, कारण ही दोन उपकरणं सतत बोलत नसतात, ठरलेल्या अंतरानं एकमेकांना हाक मारतात आणि ते अंतर ब्लूटूथच्या नियमानं ७.५ मिलिसेकंदाच्या खाली जात नाही, ॲपलच्या उपकरणांवर ११ ते १५च्या घरात असतं. त्यात आयपॅडला आवाज तयार करायला थोडा वेळ, ॲपमध्ये बफर (आवाज वाजण्याआधी साठवायचा तुकडा) १२८ ठेवला असेल तर जेमतेम ३ मिलिसेकंद. सगळं धरून वीसच्या आत. आता आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदात साडेतीन मीटर. स्टेजवर तुमचा मॉनिटर स्पीकर साडेतीन मीटरवर ठेवला तर तेवढाच उशीर तुम्ही रोज ऐकताच आणि तक्रार करत नाही.

ब्लूटूथ स्पीकर मात्र आवाज दाबतो, पाठवतो, साठवतो, उघडतो, यात सहज १५० ते २०० मिलिसेकंद जातात, स्वस्तातल्यात त्याहून जास्त. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे तुमचा सूर जवळपास अर्धी मात्रा उशिरा पडतोय. कोळीगीतात अर्धी मात्रा! नाव किनाऱ्याला आणि नाखवा अजून समुद्रात. सिनेमा बघताना हा उशीर कळत नाही, कारण चित्रही तेवढंच थांबवून दाखवतात. बोटाला कोण थांबवणार?

तेव्हा चिठ्ठी हवेतून जाऊ दे, आवाज वायरीतूनच बाहेर काढा. आयपॅडला हेडफोनचा जॅक असेल तर साडेतीन एमएमची साधी वायर, नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल, तिथून स्पीकर किंवा मिक्सर. ब्लूटूथ हेडफोनही नको, इअरबड्सही नकोत, कितीही महागाचे असले तरी वाजवताना नकोत. आज घरी जाऊन फक्त एवढं बदला आणि मग सांगा मिडी फसवतं का.

स्टेजचं विचाराल तर मी स्वतः वायरच वापरते. दोन वर्षांपूर्वी एका नवरात्राच्या कार्यक्रमात हौसेनं ब्लूटूथवर गेले होते. गाणं संपत आलेलं, शेवटचा स्ट्रिंग्जचा लांब सूर मी दाबून धरलेला, वर गायिकेची तान, सगळं कसं छान, आणि मी बोट उचललं तरी सूर थांबेना. परत दाबलं, उचललं, काही नाही. दुसऱ्या पट्ट्या दाबल्या, त्या तर वाजेचनात. एवढ्यात निवेदक माईकवर आला, पाहुण्यांचा सत्कार, शाल, नारळ, आणि मागं माझा आँऽऽऽऽ सुरूच. अध्यक्ष माझ्याकडं बघतायत, मी आयपॅडकडं बघतेय, ढोलकीवाला तोंड फिरवून हसतोय. शेवटी ॲपच बंद केलं. नंतर खाली वाकून बघितलं तर अडॅप्टरचा चार्जर बोर्डावरून काढून तिथं मंडळाच्या एका पोराचा मोबाईल लागलेला, वीस टक्के झाला होता म्हणे.

झालं काय होतं, तर 'सूर चालू'ची चिठ्ठी पोचली होती आणि 'सूर बंद'ची पोचायच्या आत अडॅप्टरचा जीव गेला. आयपॅड बिचारा आज्ञाधारक, कुणी थांब म्हटलंच नाही तर थांबेल कशाला. मिडीत यावर उपाय आहे, १२३ नंबरचा कंट्रोल पाठवला की सगळे सूर बंद होतात, आणि बऱ्याच ॲपमध्ये त्याचं 'पॅनिक' नावाचं बटण असतं. तुमच्या ॲपमध्ये ते कुठं आहे हे घरीच शोधून ठेवा. शाल-नारळ चालू असताना शोधायला घेऊ नका.

तरीही वायरलेसच वापरायचं असेल तर आयपॅड कीबोर्डच्या अगदी जवळ, मध्ये माणूस येणार नाही असा ठेवा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच, ते ही लहर पिऊन टाकतं. त्याच पट्ट्यात जुनं वायफाय आणि समोर बसलेल्या हजार लोकांच्या खिशातले फोन. आयपॅडचं वायफाय लागत नसेल तर बंद करा, डिजिटल मिक्सरसाठी लागत असेल तर राउटर ५ गिगाहर्ट्झवर टाका. आणि चार्जरऐवजी पॉवर बँक लावा, तीही स्वतःच्या पिशवीत.

प्रश्न : ताई मी इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. कॉर्गचा मायक्रोकी एअर सेकंडहँड घेतला. विंडोजच्या लॅपटॉपला पेअर झाला, कनेक्टेड पण दाखवतो, पण माझ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या मिडी इनपुटमध्ये नावच नाही. तुम्ही म्हणता सेटिंग्जमधून पेअर करू नका म्हणून मी अनपेअर केला तर आता काहीच नाही. 😭
(पुणे)

उत्तर : अरे बाळा, ते मी ॲपलवाल्यांना सांगत असते. विंडोजचं बरोबर उलटं आहे, तिथं सेटिंग्जमधूनच पेअर करायचं. परत पेअर कर.

तरी नाव दिसणार नाही, त्याचं कारण वेगळं आहे. विंडोजमध्ये मिडीचे दोन दरवाजे आहेत, एक फार जुना आणि एक विंडोज १०बरोबर आलेला. ब्लूटूथ मिडी फक्त नव्या दरवाजातून आत येतं आणि बरीच सॉफ्टवेअरं अजून जुन्याच दारात पाहुण्याची वाट बघत उभी असतात. क्युबेस आणि केकवॉकमध्ये नवं दार उघडायचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये आहे, क्युबेसमध्ये विनआरटी मिडी आणि केकवॉकमध्ये यूडब्ल्यूपी असं नाव शोध. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही असेल तर तेवढं करून सुटलास.

नसेल तर तुझ्याकडं कॉर्गचा कीबोर्ड आहे म्हणून सोपा मार्ग आहे, कॉर्गचाच विंडोजसाठी ब्लूटूथ मिडी ड्रायव्हर आहे तो टाक, तो नव्या दारातलं सामान जुन्या दारात आणून ठेवतो. दुसऱ्या कंपनीचा असता तर मिडीबेरी नावाचं ॲप आणि लूपमिडी नावाचा खोटा पोर्ट अशी जोडी लावावी लागली असती, लूपमिडीत एक पोर्ट बनवायचा, मिडीबेरीत वर कीबोर्ड आणि खाली तो पोर्ट निवडायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये इनपुट म्हणून तोच पोर्ट घ्यायचा. चालतं, पण दर वेळी मिडीबेरी उघडं ठेवायला लागतं आणि रात्री दोन वाजता सुचलेली चाल तेवढ्यात विसरायला होते. तिसरा मार्ग पैशांचा, सीएमईचा विडी बड प्रो किंवा रोलँडचा डब्ल्यूएम-१डी असा यूएसबीत खोचायचा डोंगल घेतला की लॅपटॉपला तो साधा यूएसबी मिडी वाटतो, ब्लूटूथची भानगड डोंगल आपल्या आपण बघून घेतो.

आणि चौथा, होस्टेलवर मी असते तर हाच केला असता. मायक्रोकी एअरला यूएसबीचीही जागा आहे. वायर लाव. तू आणि लॅपटॉप एकाच टेबलावर आहात ना, मग हवेतून कशाला?

(लॅपटॉपवर तरीही सूर उशिरा वाजत असेल तर साउंडचा ड्रायव्हर एएसआयओ (कमी उशीर लावणारा प्रकार) आहे का बघ आणि बफर ५१२ वरून १२८ वर आण, ५१२ला एकट्या बफरचेच जवळपास १२ मिलिसेकंद जातात.)

प्रश्न : स. न. वि. वि. मी बँकेतून निवृत्त झालो. माझ्याकडे नव्वदच्या दशकातला कीबोर्ड आहे, पट्ट्या अजून उत्तम आहेत पण आवाज आता जुने वाटतात. त्याला यूएसबी वगैरे काही नाही. मागे फक्त पाच भोकांची दोन गोल तोंडे आहेत, आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरला होती तशी. नातू म्हणतो आजोबा आता हे भंगारात द्या. हा कीबोर्ड माझ्या टॅब्लेटशी वायरीशिवाय बोलू शकेल का?
(रत्नागिरी)

उत्तर : काका, नातवाला सांगा, भंगारात द्यायचं काय ते त्याचे दोन वर्षांत जुने होणारे फोन द्या. तुमचा कीबोर्ड बोलेल, आणि अगदी अस्खलित बोलेल.

ती पाच भोकांची तोंडं म्हणजे मूळ मिडी. १९८३च्या जानेवारीत अमेरिकेत ॲनाहाइमला वाद्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तिथं सिक्वेन्शिअल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ असे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीनं जोडले आणि एकावर वाजवलं की दुसरा वाजायला लागला. त्याआधी एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला ओळखसुद्धा देत नव्हतं. सिक्वेन्शिअलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी या दोघांना याच कामासाठी २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं. आणि गंमत अशी की त्या वेळी ठरलेली भाषा आजही तीच आहे. तुमचा नव्वदचा कीबोर्ड जे बोलतो ते कालच्या टॅब्लेटला जसंच्या तसं कळतं. वेग सेकंदाला ३१,२५० बिट, ऐकायला कमी वाटेल, पण एका सुराची चिठ्ठी जायला त्यात साधारण एकच मिलिसेकंद लागतो. पाच पिनांपैकी दोन तर वापरातच नाहीत, नुसत्या शोभेला.

आता करायचं काय. पाच पिनांचे ब्लूटूथ अडॅप्टर मिळतात, यामाहाचा एमडी-बीटी०१, सीएमईचा विडी मास्टर, रोलँडचा डब्ल्यूएम-१. दोन ठोकळे आणि मध्ये बोटभर वायर एवढंच रूप, एक ठोकळा कीबोर्डच्या आउटला आणि दुसरा इनला. बॅटरी नाही, चार्जर नाही, कीबोर्डच्या आउटच्या पिनेतून जी थोडीशी वीज येते तिच्यावर हे चालतात. म्हणून आउटचं तोंड रिकामं ठेवून चालत नाही. विडी मास्टरमध्ये मोठा ठोकळा आउटला, छोटा इनला, आणि तुम्हाला फक्त कीबोर्डवरून टॅब्लेट वाजवायचा असेल तर छोटा नाही लावला तरी चालतं. लावल्यावर काहीच जिवंत झालं नाही तर पहिल्यांदा आउट-इनची अदलाबदल झालीये का बघा, कीबोर्ड भिंतीला टेकलेला असतो आणि आपण मागं हात घालून अंदाजानं खोचतो, माझं दर दुसऱ्या वेळी उलटं लागतं. घेताना दुकानदाराला एकच अट घाला, माझ्या कीबोर्डवर लावून बघणार आणि मग पैसे देणार, कारण काही जुन्या वाद्यांच्या आउटमधून पुरेशी वीज येत नाही.

टॅब्लेट कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत. आयपॅड असेल तर वरचं सातारकरांचं उत्तर वाचा, अँड्रॉइड असेल तर शेवटचं.

प्रश्न : मुलीसाठी रोलँडचा एफपी-१० डिजिटल पियानो घेतला. ब्लूटूथ आहे असं सांगितलं होतं. फोनवरची गाणी पियानोच्या स्पीकरवर वाजतच नाहीत. पीस खराब आहे का?
(ठाणे)

उत्तर : पीस चांगला आहे. एफपी-१०मध्ये ब्लूटूथ फक्त मिडीपुरतं आहे, गाण्यांचं नाही. चिठ्ठी नेणारा पोस्टमन आहे, रेडिओ नाही. दोन्ही पाहिजे असतं तर एफपी-३०एक्स घ्यायला लागला असता. विकणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं, पण 'ब्लूटूथ आहे' एवढं म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं हे त्यांनाही माहितीय. आता आहे त्याचा उपयोग करा, टॅब्लेटवरच्या शिकवणाऱ्या ॲपला जोडा, मुलीनं चुकीची पट्टी दाबली की ॲपला लगेच कळतं, आईला कळायच्या आधी.

प्रश्न : ताई आमचं महिला भजनी मंडळ आहे. मी कॅसिओ सीटी-एस४०० वाजवते, अँड्रॉइड फोनमध्ये हार्मोनिअम आणि तानपुऱ्याचे छान आवाज आहेत ते हवेत. ब्लूटूथचा डोंगल भाच्यानं आणून दिलाय. आता तीन अडचणी. फोनला कधी सापडतो कधी नाही. सापडला की दोन दोन आवाज येतात. आणि आमच्या मुख्य गायिका काळी चारमध्ये गातात, मी ट्रान्सपोज (बटणानं पट्टी खालीवर) केलं तर भलत्याच पट्टीत वाजतं!
(नाशिक)

उत्तर : भाच्याला माझ्याकडून शाबासकी. सीटी-एस४००ला कॅसिओचा डब्ल्यूयू-बीटी१० लागतो, तोच असणार.

सापडत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा फोनची परवानगी. अँड्रॉइड ६ ते ११ या फोनांवर आजूबाजूचं ब्लूटूथ शोधायला लोकेशन चालू असावं लागतं. काय संबंध असं वाटेल, पण आहे तसं. अँड्रॉइड १२पासून पुढं 'निअरबाय डिव्हायसेस' अशी वेगळी परवानगी विचारतात. घाईत आपण 'नाही' दाबतो आणि मग तासभर डोंगलला शिव्या. तुमच्या हार्मोनिअमच्या ॲपमध्येच ब्लूटूथ मिडीचा मेनू असेल तर उत्तम, नसेल तर मिडी बीएलई कनेक्ट नावाचं फुकट ॲप आहे, त्यात आधी जोडा, ते तसंच मागं चालू ठेवा आणि मग हार्मोनिअमचं ॲप उघडा. त्या डोंगलमधून मिडीही जातं आणि गाणीही, त्यामुळे फोनच्या यादीत त्याची दोन नावं दिसतील, एकाच्या पुढं ऑडिओ आणि एकाच्या पुढं मिडी असं. सेटिंग्जमधून ऑडिओवालं जोडलंत तर फोनमधला हार्मोनिअम परत ब्लूटूथनं कॅसिओच्या स्पीकरवर येईल आणि पुन्हा तोच अर्ध्या मात्रेचा घोळ, कोल्हापूरकरांसारखा. तिथं फक्त मिडीशी मतलब ठेवा आणि फोनचा आवाज वायरीनं तुमच्या ॲम्प्लिफायरला द्या.

एवढं करूनही उशीर वाटला तर एक परीक्षा करा. ब्लूटूथ बाजूला ठेवा, कीबोर्ड ओटीजीच्या (फोनला यूएसबी जोडायच्या) वायरीनं फोनला जोडा आणि वाजवून बघा. तरीही उशीरच असेल तर दोष ब्लूटूथचा नाही, फोनचा आहे, स्वस्त अँड्रॉइड फोन आवाज तयार करायलाच वेळ लावतात. त्याला इलाज दुसरा फोन. त्यासाठी भाच्यालाच गाठा.

दोन आवाज येतात ते एक कॅसिओचा स्वतःचा आणि एक फोनचा. पुस्तकात याचा उपाय 'लोकल कंट्रोल ऑफ' असा दिलेला असतो, मेनूत सापडला तर करा. पण त्याहून सोपं म्हणजे कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. चिठ्ठी व्हॉल्यूमवर अवलंबून नसते, ती जात राहते आणि फोनच तेवढा वाजतो.

आता काळी चार. पांढरी एकपासून खाली मोजलं तर काळी चार चार घरं खाली येते, म्हणून ट्रान्सपोज उणे ४. हे तुम्हाला माहिती आहेच आणि तुम्ही कीबोर्डवर ते केलंत. माझा संशय असा की फोनच्या ॲपमध्येही कुणीतरी, भाच्यानं किंवा तुम्हीच कधीतरी, उणे ४ करून ठेवलंय. कीबोर्डवर ट्रान्सपोज केलं की बऱ्याच कीबोर्डमध्ये बाहेर जाणारी चिठ्ठीच बदलते, ६० नंबरच्या जागी ५६ जातो, आणि मग ॲप त्यातून आणखी ४ वजा करतं, झाले उणे ८. उणे ८ म्हणजे पांढरी तीन. तुमच्या गायिका वरच्या काळी चारला आणि पेटी खाली पांढरी तीनला असं होत असेल तर हेच कारण. ॲपमधला ट्रान्सपोज शून्य करा, कीबोर्डवरचा राहू द्या, आणि भजन सुरू व्हायच्या आधी तानपुऱ्याचा सा आणि तुमचा सा एकदा कानानं जुळवून घ्या.